लायसन्सला आधार ‘ऐच्छिक’ आहे म्हणतात, मग आईला परत का पाठवलं?

सुदामानगरची

एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसलेय, कारण आई दोन दिवस गप्प आहे आणि मला ते बघवत नाही.

आम्ही इंदूरचे. आई ६२ वर्षांची. ३० वर्षं झाली, ती पोळीभाजीचे डबे देते. जवळचे डबे भाऊ सायकलवर पोचवतो, लांबचे ती स्वतः स्कूटरवर नेते. सुदामानगरहून निघायचं, राजवाड्याकडची दोन दुकानं करायची, मग पलासियाला तीन घरं. तिन्ही घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत, मुलं पुण्या-बंगलोरला. लायसन्स १९९४ सालचं, आजपर्यंत एक चालान नाही. पंचावन्न उलटली की लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं. मागच्या वेळी वाढवलेलं गेल्या श्रावणात संपलं.

आम्ही परिवहन कार्यालयात गेलो. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या माणसालाही वरून जे सांगितलं असेल तेच तो करत असणार. आईच्या पिशवीत डॉक्टरांचा दाखला होता, मतदार ओळखपत्र होतं, एलआयसीची पॉलिसी होती, जुनं लायसन्स होतं. मामेभावाकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला पासपोर्टही होता. त्या माणसाने एकाही कागदाला हात लावला नाही. “आधार का ओटीपी आएगा, वो बताइए.” एवढंच बोलला.

ओटीपी येणार कुठे? आधार काढलं तेव्हा घरात मोबाइल एकच, बाबांचा. चौघांच्याही आधारला तोच नंबर दिलेला. बाबा २०२१ मध्ये गेले, पुढे ते सिम बंद पडलं. आम्हा भावंडांचे नंबर नंतर बदलून घेतले, आईचा राहून गेला, ही चूक माझी.

घरी येऊन मी लॅपटॉपवर अर्ज उघडला, ओटीपी मागवला आणि बाबांच्या नंबरवर फोन लावला. देवासच्या एका गृहस्थाने उचलला. दोन वर्षं झाली म्हणे, तो नंबर त्यांच्याकडे आहे. मी कोण, कशासाठी फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दीदी, ये ओटीपी तो मुझे आते रहते हैं. अभी भी एक आया है, बोल दूँ?” आणि त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले.

मी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतले आणि तशीच बसून राहिले. टाकले नाहीत. आईचा चेहरा, आईचा पासपोर्ट, तिची ३० वर्षांची सही, यातल्या कशानेच तिची ओळख पटत नव्हती. देवासच्या अनोळखी माणसाच्या फोनवरून मात्र ती पटली असती. ते गृहस्थ भले निघाले. भले नसते तर?

नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो. तिथे बोट लागतं. तव्यावरची पोळी हातानेच उलटून आणि रोज चाळीसेक डबे घासून आईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. मुलाने दहाही बोटं लावून पाहिली. ओल्या रुमालाने पुसली, फुंकर मारली, काचेवर स्वतः दाबून धरली. डोळे घेतले तर उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं व्हायचंय. “क्रीम लगाके परसों आइए, आंटी.” आई तेव्हापासून स्वतःच्या हातांकडे बघत बसते. परवा म्हणाली, “माझ्या बोटांनाच मी कोण ते सांगता येईना बघ.”

मला विचारायचंय ते असं: कायद्याने लायसन्सला आधार लागतंच का? की लागत नाही, पण मागतात? संपलेलं लायसन्स वर्षाच्या आत वाढवलं तर परीक्षा द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. श्रावण जवळ येतोय.

आणि एक स्पष्ट लिहिते. ओळख दाखवायला माझा विरोध नाही. गाडी चालवणारा कोण आहे ते सरकारला कळलंच पाहिजे. दहा कागद चालत होते तिथे नऊ बाजूला सारून एकच दार ठेवायचं, आणि ज्याला त्या दारातून आत जाता येत नाही त्याला घरी पाठवायचं, याला माझा विरोध आहे.

पागनीसपागा

काकूंना नमस्कार सांगा. वाचून फार वाईट वाटलं.

आपल्या इकडच्या मराठी माणसांचं आणखी एक दुखणं लिहून ठेवतो. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन पदरी लिहितो. मध्य प्रदेशातल्या फॉर्मवर पित्याचा रकाना वेगळा, म्हणून आधारवर नाव दोनच शब्दांचं. पॅन पुण्यात नोकरीला असताना काढलं, त्यावर तीन शब्द. शिवाय इथे टाइप करणाऱ्याला ळ सापडत नाही. शाळेच्या दाखल्यावर मी कुळकर्णी, आधारवर कुलकर्णी, मतदार यादीत कुलकरणी. माणूस समोर बसला की हसून सोडून देतो. संगणक हसत नाही, “मेल नहीं खा रहा” म्हणतो. धाकट्या भावाचे यात चार महिने गेले.

लष्कर_ग्वाल्हेर

वकिली करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: लागत नाही, पण मागतात.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली होती, त्यातूनच हा प्रश्न उभा राहिला. मग २६ सप्टेंबर २०१८ ला पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा राखला, पण त्याला कुंपण घातलं. सरकारी तिजोरीतून अनुदान किंवा लाभ मिळत असेल तिथे आधार मागता येईल, ते कलम ७. पॅनची जोडणीही टिकली. बँक खातं आणि मोबाइल सिम यांची सक्ती रद्द झाली. कलम ५७ च्या आधाराने खासगी कंपन्या आधार मागत होत्या, तेही गेलं. एकटे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड वेगळ्या मताचे होते. त्यांनी आधार कायदा धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेची मंजुरी लागू नये अशा रीतीने, मंजूर करणं हीच घटनेशी केलेली फसवणूक म्हटली.

आता लायसन्सकडे बघा. लायसन्स हे अनुदान नाही. तिजोरीतून तुमच्या आईला काही मिळत नाही, उलट त्याच फी भरतात. म्हणजे कलम ७ इथे लागू होत नाही. आधार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आधार वापरणं संमतीवर ठेवलं. सक्ती करायची तर संसदेच्या कायद्यात तसं लिहिलेलं असावं लागतं.

परिवहन मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये १८ सेवा आधार पडताळणीने ऑनलाइन केल्या. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेत त्या ५८ झाल्या. त्यात पडताळणी ऐच्छिक आहे. आधार नसलेल्याने दुसरं ओळखपत्र घेऊन कार्यालयात प्रत्यक्ष अर्ज करावा, अशी सोय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांना धरून ठेवली आहे. त्या नियमांतला ४ क्रमांकाचा नियम काढून वाचा. वय आणि पत्त्याच्या पुराव्यांत मतदार यादी, विमा पॉलिसी, पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्मदाखला ही नावं सापडतील. तुमच्या आईच्या पिशवीतलेच कागद.

गोम एवढीच की अधिसूचनेत “ज्याच्याकडे आधार नाही” असं लिहिलंय. ज्याच्याकडे आहे पण चालत नाही, त्याचं काय, हे खिडकीवरचा माणूस स्वतः ठरवतो, आणि “नाही” म्हणणं त्याला सोपं असतं. म्हणून तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

निवृत्त_परिवहन

मी या खात्यात ३१ वर्षं काढली. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

संगणक यायच्या आधी एकेका ट्रकवाल्याच्या खिशात तीन-तीन लायसन्सं मी स्वतः पाहिली आहेत. एक इंदूरचं, एक दुसऱ्या जिल्ह्याचं, एक शेजारच्या राज्यातलं. अपघात केला, इथलं निलंबित झालं, की दुसऱ्या दिवशी तिकडचं दाखवून पुन्हा रस्त्यावर. माझ्या सख्ख्या मेहुण्याला अशाच एकाने उडवलं. जानेवारी २०१९ मध्ये रविशंकर प्रसाद मंत्री असताना म्हणाले होते की लायसन्स आधारशी जोडणं आम्ही सक्तीचं करणार, कारण नाव बदलता येतं, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. मला ते पटलं होतं. अजूनही बरंचसं पटतं.

ताईंच्या आईंचं झालं ते चूकच. पण एका घराच्या त्रासावरून सगळी व्यवस्थाच नको म्हणू नये. रस्त्यावर मेलेल्यांची घरंही असतात.

सुदामानगरची

काका, राग कशाचा. तुमच्या मेहुण्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं.

एक विचारते. ज्याने त्यांना उडवलं तो कोण होता हे तर कळलंच होतं ना? त्याच्याकडे तीन लायसन्सं होती, कारण तीन कार्यालयांच्या वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता ‘सारथी’ या परिवहन खात्याच्या संगणक प्रणालीवर जवळजवळ सगळ्या राज्यांतली लायसन्सं एकत्र आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात लायसन्सची राष्ट्रीय नोंदवहीही आली. म्हणजे वह्या बोलायला लागल्या. त्याच वहीत फोटो आहे, सही आहे. मग आईला आधारशिवाय ओळखता येत नाही ते कसं?

आणि नितीन गडकरी कितीदा म्हणाले आहेत की देशातली ३० टक्के लायसन्सं बोगस आहेत. ती बोगस का आहेत? चाचणी न देता मिळतात म्हणून. आपल्या गल्लीतल्या किती मुलांनी आठाचा आकडा खरोखर काढून दाखवला? आधार सांगेल की हा मुलगा हाच आहे. त्याला ब्रेक कधी दाबायचा ते कळतं का, हे आधार सांगत नाही.

निवृत्त_परिवहन

चाचणीचं म्हणता ते खरं आहे. ते मला नाकारता येणार नाही. नव्या लायसन्सच्या वेळी ठसा घ्यावा असं मी अजूनही म्हणेन. पण ज्याची नोंद खात्याकडे १९९४ पासून आहे त्या बाईंना नूतनीकरणाला अडवायचं कारण नव्हतं. तिथे जुना फोटो समोर ठेवून माणूस बघायचा असतो. आम्ही तेच करत होतो.

सयाजीगंज_बडोदे

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझं माहेर सांगलीचं, लग्न होऊन बडोद्याला आले १९८९ मध्ये. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. आडनाव तर बदललंच, पण ताटातल्या तांदळांत अंगठीने नवीन नाव लिहिलं तेही. तेव्हा कोणी कागद केला नाही. नावबदलाचं राजपत्र म्हणतात ते माझ्या सासऱ्यांनाही माहीत नसेल. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने. मतदार ओळखपत्र सासरच्या नावाने. आणि गुजरातेत असल्यामुळे आधारवर नावापुढे ‘बेन’ लागलं. मी तीन बायका आहे, तिघींचा फोटो एक.

मला ५१ व्या वर्षी गाडी शिकायची होती. यजमानांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून. शिकाऊ लायसन्सला नावं जुळेनात. लग्नाचा दाखला आणा म्हणाले. आमच्या लग्नाची नोंदच नव्हती. शेवटी नोंदणी केली, साक्षीदार म्हणून नणंद आणि तिचे यजमान उभे राहिले, लग्नानंतर तीस वर्षांनी. लायसन्स मिळालं, पण दीड वर्षाने. त्या दीड वर्षात यजमान रात्री गाडी चालवत राहिले, मी शेजारी बसून रस्ता सांगत राहिले. कुठला धोका मोठा होता, सांगा.

नाव बदलतं ते बाईचंच. त्यामुळे एकाच नावाची एकच ओळख हवी म्हटलं की अडकते तीही बाईच.

पागनीसपागा

तांदळावरचं नाव... हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या आईचंही बदललेलं आहे.

इंदुरी_न्यूजर्सीत

वहिनींनी बडोद्याहून लिहिलंय तेच अमेरिकेत चाललंय, म्हणून तिकडचं थोडं सांगतो.

इथे २००५ मध्ये ‘रिअल आयडी’ नावाचा कायदा झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने ओळखपत्रं कडक करा म्हटलं होतं, त्यावरून. तो स्वतंत्रपणे चर्चा होऊन आला नाही, युद्धखर्च आणि त्सुनामी मदतीच्या विधेयकाला जोडून मंजूर झाला. लायसन्स देतात राज्यं, पण त्यासाठी कोणते कागद तपासायचे ते केंद्राने ठरवायचं, असा तो कायदा. राज्यं चिडली. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने पहिल्यांदा आम्ही हे राबवणार नाही असा ठराव केला. मोंटानाने तर नकाराचा कायदाच केला. विरोधात डावे होते तसे उजवेही होते. कुणाला खर्च खुपत होता, कुणाला सगळ्यांची माहिती एकमेकांना जोडली जाणं. मुदत मुळात २००८ ची होती, ती ढकलत ढकलत अखेर ७ मे २०२५ ला अंमल सुरू झाला.

नाव बदललेल्या बायकांना इथेही जन्मदाखल्यापासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत सगळी साखळी जुळवून द्यावी लागते. घटस्फोट आणि दुसरं लग्न असेल तर ते कागदही. माझ्या बायकोला दोन फेऱ्या पडल्या.

पण एक फरक लक्षात घ्या. रिअल आयडी लागतं ते देशांतर्गत विमानात बसायला आणि केंद्र सरकारच्या काही इमारतींत शिरायला. विमानाला पासपोर्टही चालतो. नुसती गाडी चालवायची तर आमच्या राज्यात अजूनही साधं लायसन्स मिळतं. रिअल आयडीच्या कार्डावर चांदणी असते, ज्याला ते चांदणीचं कार्ड नको त्याने साधं घ्यावं. इतक्या राज्यांनी इतकी वर्षं विरोध केला, तरी कायदा गेला नाही. दुसरं दार मात्र शाबूत राहिलं. सुदामानगरच्या ताई तेवढंच तर मागताहेत.

टेंभलीजवळचा

मी नंदुरबारचा, आता नोकरीनिमित्त इंदुरात. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याकडच्या टेंभली गावात दिला, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी आले होते. माझे वडील मांडव बघायला गेले होते. तेव्हा सांगितलं होतं की ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही अशा आदिवासी माणसाला हे कार्ड ओळख देईल. वडिलांना ते फार आवडलं होतं. आमच्या भिल्ल सालदारांना खरोखर कोणी विचारत नव्हतं.

म्हणून मी आधारच्या विरोधात नाही. पण ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यासाठी काढलेली गोष्ट, आणि आज सगळे कागद असलेल्या बाईला तीच चालत नाही म्हणून परत पाठवताहेत. उलटं झालं हे.

लष्कर_ग्वाल्हेर

टेंभलीकर, अगदी.

ताई, तुम्ही गेलात का पुन्हा? श्रावणाआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. नकार दिला तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा की कोणत्या नियमाने नाकारलं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुतेक वेळा अर्ज बघूनच काम होतं.

सुदामानगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेलो होतो.

दोन प्रतींत अर्ज नेला, सोबत सप्टेंबर २०२२ ची अधिसूचना आणि नियम ४ छापून, ओळी पिवळ्या करून. खिडकीवर आधी तेच, “ओटीपी.” मी अर्ज पुढे केला आणि पोच मागितली. तो आत घेऊन गेला. अर्धा तास आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग आतून एक मॅडम आल्या, त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि आईला विचारलं, “आप ही चलाती हैं स्कूटर?” आई म्हणाली, “तीस साल से.” त्यांनी संगणकावर आईची जुनी नोंद उघडली, फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, आणि पासपोर्ट व पॉलिसीच्या प्रती ठेवून घ्यायला सांगितलं. अर्जावर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. फोटोसाठी पुढच्या बुधवारी बोलावलंय.

लायसन्स हातात आलेलं नाही, त्यामुळे स्कूटर अजून अंगणातच आहे. पलासियाचे डबे सध्या रिक्षाने जातात, त्या तीन घरांमधून मिळतं त्यातलं निम्मं रिक्षाला जातं. आई म्हणते बंद करायचे नाहीत, त्या आजोबांना दुसरं कोण देणार. आधारच्या नंबरचं डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा बघू. देवासच्या गृहस्थांना फोन करून सांगितलंय की ओटीपी आला तर कुणालाही वाचून दाखवू नका, मलासुद्धा.

सयाजीगंज_बडोदे

बरं वाटलं गं. अर्जाचा मसुदा इथे टाकशील का? माझ्या जावेला लागणार आहे.

सुदामानगरची

हो, टाकते. वकीलसाहेबांनी दोन शब्द सुधारून दिलेत. मी हिंदीत दिला होता, तुमच्यासाठी मराठीत लिहिते, गुजरातीत करून घ्या.

“महोदय, माझ्या वाहनचालक परवान्याची मुदत अमुक तारखेला संपली असून एक वर्षाच्या आत नूतनीकरणासाठी हा अर्ज करीत आहे. माझ्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद झाला असून बोटांचे ठसे उमटत नसल्याने तो बदलता आलेला नाही. परिवहन मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार आधार पडताळणी ऐच्छिक आहे. मी ती करू इच्छित नाही. ओळख व पत्त्यासाठी पासपोर्ट, मतदार ओळखपत्र व विमा पॉलिसीच्या प्रती जोडल्या आहेत, मूळ कागद सोबत आणले आहेत, आणि मी स्वतः उपस्थित आहे. अर्ज स्वीकारून पोच द्यावी. अर्ज नाकारायचा असल्यास कोणत्या नियमाने नाकारला ते लेखी द्यावे, ही विनंती.”

‘मी स्वतः उपस्थित आहे’ हे वाक्य आईने सांगून घालायला लावलं.